फुलब्राइट टीईए: इंग्रजीच्या शिक्षकांनी अर्ज कसा करावा, अमेरिकेत काय पाहावे आणि परतल्यावर इतरांना कसे शिकवावे

'फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट' हा माध्यमिक शिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम असून शिक्षकांमध्ये तो 'फुलब्राइट टीईए' या सुटसुटीत नावाने ओळखला जातो. त्याचा खर्च अमेरिकेचे परराष्ट्र खाते करते, संचालन 'आयरेक्स' ही संस्था पाहते आणि भारतातील अर्ज व निवडीचे काम 'युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन' म्हणजे यूएसआयईएफमार्फत होते. फुलब्राइट योजनेचा मूळ कायदा १९४६ चा, तर भारताबरोबरचा करार फेब्रुवारी १९५० चा आहे. योजनेला दरवर्षी अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्पातून पैसा मिळतो. त्यामुळे मागील वर्षी गेलेल्या सहकाऱ्याने सांगितलेल्या तारखांवर आणि अटींवर विसंबून न राहता त्या त्या वर्षीची यूएसआयईएफची जाहिरात मुळातून वाचावी.

हा लेख मुख्यतः जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, मराठी माध्यमाच्या मुलांशी रोज गाठ असणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. अशा शिक्षकाने परत आल्यावर आपल्या परिसरातील इतर इंग्रजी शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, ही या कार्यक्रमाची स्पष्ट अपेक्षा आहे. माझ्या मते अर्जाच्या पहिल्या ओळीपासून ही अपेक्षा डोळ्यांसमोर ठेवली, तरच पुढचे सगळे जुळून येते. नाहीतर सहा आठवडे आनंदात जातात आणि शाळेच्या दर्शनी भागात एक फोटो लागतो, एवढेच.

अर्ज आणि निबंध

पात्रतेच्या ठळक अटी अवघड नाहीत. पूर्णवेळ माध्यमिक शिक्षक असणे, पदवी आणि साधारण पाच वर्षांचा अनुभव असणे, आणि इंग्रजी, सामाजिक शास्त्रे, गणित, विज्ञान किंवा विशेष शिक्षण यांपैकी एक विषय शिकवत असणे, एवढे पुरते. इंग्रजीची पातळी टोफेलच्या कागदी परीक्षेतील ४५० गुणांच्या आसपास अपेक्षित धरली जाते. ही परीक्षा ६७७ गुणांपर्यंत जाते, हे लक्षात घेतले तर ४५० हा आकडा नियमित इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकाच्या आवाक्यातला आहे. अडचण बहुधा ऐकण्याच्या भागात येते, कारण अमेरिकी उच्चार आपल्या कानांना सवयीचे नसतात. दोन-तीन महिने रोज अर्धा तास अमेरिकी बातम्या किंवा व्याख्याने ऐकली, तर त्या भागाची पुरेशी तयारी होते, आणि पुढे तिथल्या वर्गात बसल्यावरही ती उपयोगी पडते.

निवड खऱ्या अर्थाने ठरते ती निबंधांवर. 'मला अध्यापनातील नवनवीन तंत्रे आत्मसात करून विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधायचा आहे' असे वाक्य शेकडो अर्जांत असते आणि त्यावरून अर्जदाराचा वर्ग कसा आहे याचा काहीच पत्ता लागत नाही. त्याऐवजी आपल्या वर्गातील एकच अडचण निवडावी आणि ती तपशिलाने लिहावी. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे आज आठवीत बसलेल्या मुलाचे इंग्रजीचे आठवे वर्ष चालू असते. तरीही ते मूल परिच्छेद मोठ्याने वाचते आणि प्रश्न किंचित फिरवून विचारला की पाठातले वाक्य जसेच्या तसे उतरवून देते. हे का घडते, आपण आजवर त्यावर काय केले, त्यातले काय फसले आणि नेमके काय पाहायला आपल्याला जायचे आहे, हे चार परिच्छेदांत मांडता आले तर निबंध आपोआप वेगळा उठून दिसतो. अडचण लिहिताना शाळेची किंवा शासनाची गाऱ्हाणी मांडू नयेत. निवड समितीला अर्जदाराची विचार करण्याची पद्धत पाहायची असते.

परतल्यावर काय करणार या प्रश्नाचे उत्तरही असेच मोजके आणि करता येण्याजोगे असावे. 'जिल्ह्यातील सर्व शिक्षकांना प्रशिक्षित करीन' असे लिहिण्यापेक्षा आपल्या केंद्रातील दहा-बारा इंग्रजी शिक्षकांचा गट करून एका सत्रात तीन बैठका घेईन, असे लिहिणे अधिक विश्वासार्ह वाटते, आणि मुलाखतीत त्यावर उलटसुलट प्रश्न आले तरी उत्तर देता येते. शिफारसपत्र संस्थेच्या अध्यक्षांकडून मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. पण ज्यांनी तुमचा पाठ प्रत्यक्ष बसून पाहिला आहे अशा मुख्याध्यापकांचे साधे, तपशीलवार पत्र त्याहून कितीतरी वजनदार ठरते.

परवानगी, रजा आणि व्हिसा

अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे मुख्याध्यापक आणि वरिष्ठ कार्यालयामार्फत जाईल, याची तजवीज सुरुवातीलाच करावी. निवड झाल्यावर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यात दोन महिने सहज निघून जातात. पासपोर्ट काढलेला नसेल तर शासकीय कर्मचाऱ्यांना ना-हरकत प्रमाणपत्राऐवजी कार्यालयाला पूर्वसूचना दिल्याच्या पत्रावरही पासपोर्टचा अर्ज करता येतो. मात्र परदेशी जाण्याची परवानगी ही त्याहून वेगळी बाब आहे आणि ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. सहा आठवड्यांचा हा काळ कर्तव्यकाळ धरला जाणार की अर्जित रजा खर्ची पडणार, हे लेखी आदेशातच स्पष्ट करून घ्यावे आणि परतल्यावर सेवापुस्तकात त्याची नोंद झाली की नाही हे स्वतः पाहावे. तोंडी 'जा हो, बघू आपण' या आश्वासनावर विमानात बसू नये.

कार्यक्रमाच्या तुकड्या सहसा वर्षाच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरनंतर जातात. पहिल्या वेळी दहावीच्या परीक्षांची घाई असते आणि दुसऱ्या वेळी प्रथम सत्र परीक्षा व दिवाळी येते. तेव्हा आपल्या तासांची सोय ही मुख्याध्यापकांची डोकेदुखी आहे असे न समजता, कोणता घटक कोण शिकवणार, कोणत्या चाचण्या कोण तपासणार, याचा तक्ता स्वतः करून त्यांच्या हाती द्यावा. हा तक्ता पाहिल्यावर परवानगीची सही लवकर होते, हे वेगळे सांगायला नकोच.

व्हिसा जे-१ या वर्गाचा असतो. त्यासाठी कार्यक्रमाकडून डीएस-२०१९ नावाचा दाखला येतो (यातला २०१९ हा नमुन्याचा क्रमांक आहे, साल नाही), तो आल्यावर डीएस-१६० हा अर्ज भरून वकिलातीत मुलाखतीला जावे लागते. सरकारी खर्चाच्या जे-१ व्हिसाबरोबर एक अट येते: परतल्यावर एकूण दोन वर्षे मायदेशात राहिल्याशिवाय अमेरिकेत नोकरीसाठीचा एच वर्गाचा व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. ज्यांच्या घरी अमेरिकेत स्थायिक होण्याची चर्चा चालू आहे त्यांनी ही अट अर्ज करण्याआधीच वाचावी.

प्रवासभाडे, निवास, भोजन, विद्यापीठाचे शुल्क आणि आजारपण व अपघाताचे संरक्षण कार्यक्रमातर्फे मिळते. आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च मात्र त्यात धरलेला नसतो. म्हणून रक्तदाब, मधुमेह अशांची औषधे पूर्ण काळासाठी सोबत न्यावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. तिथली वीज १२० व्होल्टची आणि प्लगची खाच वेगळी असते, त्यामुळे भ्रमणध्वनीच्या चार्जरसाठी अॅडॉप्टर लागतो.

जाण्यापूर्वी बॅगेत काय भरावे

भेटवस्तूंच्या यादीपेक्षा वर्गाचे पुरावे गोळा करण्यावर अधिक वेळ द्यावा. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकातील एका पाठाची पाने, आठवड्याचे वेळापत्रक, बाकांच्या रचनेचे हाताने काढलेले रेखाटन, आणि नावे झाकलेले विद्यार्थ्यांचे लेखन, चांगल्या, मध्यम व मागे पडलेल्या मुलाचे प्रत्येकी एक, इतके साहित्य पुष्कळ झाले. विद्यापीठातील प्राध्यापक तुमच्या वर्गाविषयी विचारतील तेव्हा ही कागदपत्रे समोर ठेवली की चर्चा लगेच मुद्द्यावर येते. शिक्षणहक्क कायद्यातील सहावी ते आठवीचे ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आणि आपल्या तुकडीचा खरा पट, दोन्ही आकडे माहीत असावेत.

आणखी एक तयारी मनाची आहे. इंग्रजी अध्यापनाचे सगळे ज्ञान पश्चिमेकडूनच येते, अशा समजुतीने जाणारा शिक्षक तिथे गप्प बसतो. वस्तुतः आज जगभर ज्याला कृतीवर आधारित भाषाध्यापन म्हणतात, त्याच्या महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण भारतातील साध्या शाळांत झाला आणि तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. नकाशा वाचून वाट शोधणे, रेल्वेच्या वेळापत्रकावरून गाडी ठरवणे अशा कामांतून मुले इंग्रजी वापरत आणि व्याकरणाचे नियम थेट शिकवले जात नसत. या प्रकल्पाचे गुणदोष वाचून गेलात तर विद्यापीठातल्या चर्चेत तुमच्याकडे सांगण्यासारखे काही असेल. लेझीम आणि नऊवारीचे सादरीकरण जरूर करावे, त्याने मैत्री होते; परंतु तयारीचा सगळा वेळ त्यातच घालवणारे शिक्षक पाहिले की वाईट वाटते.

तिथले सहा आठवडे

दिवसाची विभागणी साधारणपणे विद्यापीठातील सत्रे आणि स्थानिक शाळेतील अनुभव अशी असते. शाळेतील अनुभव किमान ४० तासांचा असून तो एका अमेरिकी सहयोगी शिक्षकाबरोबर घ्यायचा असतो. विद्यापीठाच्या सत्रांत पाठनियोजन, विद्यार्थिकेंद्री अध्यापन, तंत्रज्ञानाचा वापर असे विषय येतात आणि शेवटी स्वतःचा एक अध्यापन-घटक तयार करून द्यावा लागतो. हा घटक बालभारतीच्या पाठावरच बेतावा. तिथल्या एखाद्या आकर्षक पुस्तकावर तो बेतला तर सादरीकरण देखणे होते, पण जूनमध्ये वर्गात उभे राहिल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

तुकडीत अनेक देशांचे शिक्षक असतात आणि त्यांच्याकडून शिकण्याकडे आपले दुर्लक्ष होते. बांगलादेश, केनिया, सेनेगल, पेरू अशा देशांतून आलेल्या शिक्षकांपैकी अनेकांच्या वर्गांतही मुले दाटीवाटीने बसतात, तिथेही घरी इंग्रजी बोलले जात नाही, आणि तिथेही परीक्षेचे दडपण असते. साठ मुलांच्या वर्गात गटकार्य कसे घ्यावे, हे अमेरिकी प्राध्यापकापेक्षा असा सहकारी अधिक चांगले सांगू शकतो. रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पांत मिळालेल्या या युक्त्या त्याच रात्री वहीत उतरवाव्यात.

आता वर्गनिरीक्षणाविषयी थोडे विस्ताराने, कारण सगळ्या दौऱ्याचे मोल यावर अवलंबून आहे. अमेरिकी माध्यमिक शाळेत शिक्षकाची खोली ठरलेली असते आणि तास संपला की मुले उठून दुसऱ्या खोलीत जातात. त्यामुळे भिंतीवरचे शब्दतक्ते, कोपऱ्यातली पुस्तके, मांडलेले गट हे सारे दिवसभर तसेच राहते. आपल्याकडे शिक्षक तासातासाला वर्ग बदलतो, तेव्हा हीच व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही. एका पुठ्ठ्यावर गुंडाळून नेता येणारा शब्दतक्ता मात्र करता येईल. प्रत्येक गोष्ट पाहताना वहीत दोन रकाने ठेवावेत: एकात जे दिसले ते, आणि दुसऱ्यात ते कोणत्या सोयीमुळे शक्य झाले ते. संध्याकाळी दुसरा रकाना वाचला की माझ्या शाळेत काय चालेल याचा अंदाज येतो.

शक्य असेल तर इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांचा वर्ग पाहण्याची विनंती करावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांना न समजणाऱ्या इंग्रजीत शिकवत राहणे म्हणजे शिक्षणाची समान संधी नाकारणे होय, असा निर्णय दिला. तेव्हापासून अशा मुलांना भाषेसाठी वेगळी मदत देणे शाळांना टाळता येत नाही. या वर्गांत वाक्यांचे साचे फळ्यावर लिहिलेले असतात, मूल आधी जोडीदाराशी बोलते आणि मग वर्गासमोर बोलते, आणि तास सुटताना एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून देते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

तसेच प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतो, हे घड्याळ लावून मोजावे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले होते की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलू पाहणाऱ्या मुलाला तर हे थांबणे अत्यावश्यक आहे.

परंतु एका मूलभूत फरकाचे भान सुटू देऊ नये. तिथल्या नवागत मुलाला वर्गाबाहेर पडताच बसमध्ये, दुकानात, मैदानावर इंग्रजी ऐकू येते, आणि लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या खेड्यातील मुलाला ते दिवसभरात फक्त तुमच्या ३५-४० मिनिटांच्या तासात ऐकू येते. 'वर्गात मातृभाषेचा शब्द नको' किंवा 'मूल आपोआप उचलेल' यांसारखे तिथले काही आग्रह त्या परिसरामुळे टिकतात. आपल्याकडे मराठीचा नेमका, थोडा आधार घेणे आणि तोच शब्द, तीच रचना अनेक वेळा फिरून कानांवर पाडणे भाग आहे. प्रशिक्षणात हा मुद्दा तुम्हीच मांडावा. प्राध्यापक तो मोकळेपणाने ऐकून घेतात.

शिष्टाचाराच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर शाळेत शिरताच कार्यालयात नोंद करून बिल्ला लावावा, मुलांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत, एखाद्या विद्यार्थ्याबरोबर बंद खोलीत एकटे राहू नये आणि सहयोगी शिक्षकाची चूक वर्गासमोर दाखवू नये. वेळेच्या पाच मिनिटे आधी पोचणे तिथे वेळेवर पोचणे मानले जाते. एखादा पंधरा मिनिटांचा भाग शिकवण्याची संधी मागून घ्यावी, आणि त्यात इंग्रजीचा एकही शब्द न वापरता मराठीतून दहा वस्तूंची नावे शिकवून पाहावीत. अमेरिकी मुलांना त्यात मजा येतेच. तुम्हालाही हावभाव, चित्रे आणि पुनरावृत्ती यांच्या बळावर भाषा कुठवर पोचते हे कळते.

परतल्यावर पहिले सत्र

परतल्यावर लगेच कुणीतरी शिक्षण परिषदेत 'अमेरिकेतील अनुभव' सांगण्याचे निमंत्रण देते. ते स्वीकारावे, वीस मिनिटांत आटपावे, आणि त्याला प्रशिक्षण समजू नये. वरून खाली झिरपत येणाऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक टप्प्यावर थोडे गळते, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने घेतलेला आहे; त्यात परदेशी जाऊन आलेला माणूस व्यासपीठावरून सांगू लागला की उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे होते. म्हणून केंद्रप्रमुखांशी बोलून आणि शक्य तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला कळवून, दहा-बारा इच्छुक शिक्षकांचा गट करावा आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दीड तासाच्या तीन बैठका ठरवाव्यात. महाराष्ट्रात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने राबवलेल्या 'तेजस' प्रकल्पातील शिक्षक-गटांचा अनुभव असलेले सहकारी जवळपास असतील तर त्यांना आधी गाठावे. लहान गटात नियमित भेटण्याची सवय त्यांना असते.

पहिल्या बैठकीत व्याख्यान नकोच. सगळ्यांना अपरिचित अशा भाषेचा, समजा तमिळचा किंवा कन्नडचा, पंधरा मिनिटांचा पाठ द्यावा. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्या परिचिताला बोलवावे. कुणाचा घसा कोरडा पडला, कोण शेजाऱ्याचे पाहून लिहू लागला, कुणी डोळे चुकवले, हे शिक्षकांनी स्वतः सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलाविषयी वेगळे काही बोलावे लागत नाही. त्यानंतर पुढील आठवड्यात सर्वांना शिकवायचाच असलेला पाठ घेऊन एक तंत्र, एकच, त्यावर बसवून दाखवावे. दुसऱ्या बैठकीला प्रत्येकाने ते वर्गात वापरून मुलांच्या चिठ्ठ्या किंवा वह्या आणाव्यात, आणि तिसऱ्या बैठकीपूर्वी निदान दोन-तीन सहकाऱ्यांचे तास पाहून यावेत. हे पाहणे निरीक्षण-नोंदवहीत चढणार नाही, असे त्यांना आधीच सांगावे. नाहीतर दाखवण्यापुरता पाठ बघायला मिळतो.

बैठकीची भाषा कोणती, हा नाजूक प्रश्न आहे. इंग्रजीचे अनेक शिक्षक इंग्रजीत बोलायला कचरतात आणि परदेशी जाऊन आलेल्या सहकाऱ्यासमोर तर अधिकच. कृती आणि सूचना सोप्या इंग्रजीत द्याव्यात, शंका आणि वाद मराठीत होऊ द्यावेत, आणि उच्चारांच्या चुका बैठकीत कुणाच्या काढू नयेत. तिसऱ्या बैठकीपर्यंत इंग्रजीचे प्रमाण आपोआप वाढते.

कार्यक्रमाच्या माजी सहभागींना स्पर्धात्मक पद्धतीने छोटी अनुदाने मिळतात. त्यासाठी अर्ज करताना या बैठकांच्या नोंदी, मुलांच्या लेखनाचे नमुने आणि सहकाऱ्यांचे अभिप्राय हाताशी असले की प्रस्ताव भक्कम होतो, म्हणून तारखांसह सगळे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे.

सहयोगी शिक्षकाच्या वर्गाशी आपला वर्ग जोडून देण्याची इच्छा सगळ्यांनाच असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठ वाजता शाळा भरते तेव्हा आपल्याकडे ऋतूनुसार संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा वाजलेले असतात आणि मुले घरी गेलेली असतात. त्यामुळे थेट दृक्‌संवादाचा बेत एकदा उत्साहात पार पडतो आणि मग बारगळतो. त्यापेक्षा महिन्यातून एक हस्तलिखित पत्र किंवा दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवण्याचा क्रम ठेवावा, विषय दोन्ही शिक्षकांनी आधी ठरवून घ्यावा, आणि उत्तर यायला दोन आठवडे लागतील हे मुलांना सांगून ठेवावे.